मधला कोरा रकाना

ज्यांनी एकमेकांचे रक्त सांडले आहे आणि ज्यांचे भांडण अजून मिटलेले नाही, अशा दोन समाजांतील माणसांनी एकत्र बसून त्या भांडणाचा इतिहास लिहावा काय? लिहिला तर तो खरा असेल काय? प्रश्न वरवर इतिहासलेखनाचा दिसतो, परंतु त्याच्या मुळाशी नीतीचा प्रश्न आहे. सत्य एकच असते असे आपण मानतो. मग एका घटनेच्या दोन हकिकती शेजारी शेजारी छापणे ही सत्याशी केलेली तडजोड मानावी, की सत्याकडे जाण्याची वाट? याचा काही निर्णय केल्याशिवाय अशा उद्योगाची स्तुतीही करता येत नाही आणि निंदाही. हा विचार हवेत करण्यापेक्षा प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधाराने करावा, म्हणून इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांनी मिळून सिद्ध केलेल्या एका पाठ्यपुस्तकाची हकिकत आम्ही येथे घेतली आहे.

बेथलेहेमला लागून असलेल्या बैत जाला या गावी १९९८ साली शांतताविषयक संशोधनासाठी एक छोटी संस्था स्थापन झाली. तिची धुरा दोघांनी वाहिली. डॅन बार-ऑन हे बेन गुरियन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ, तर सामी अदवान हे बेथलेहेम विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, इस्रायली कैदेचा अनुभव घेतलेले. दोन वर्षांतच दुसरा इंतिफादा पेटला, आणि पाठ्यपुस्तकाचे काम प्रत्यक्ष सुरू झाले ते २००२ साली, म्हणजे सर्वांत वाईट दिवसांत. त्या वर्षीच्या २७ मार्चला नेतान्या येथील एका हॉटेलात वल्हांडणाच्या मेजवानीला बसलेली तीस माणसे आत्मघातकी स्फोटात मारली गेली. दोनच दिवसांनी इस्रायली सैन्य पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत रणगाडे घेऊन शिरले. अशा वर्षी दोन्ही बाजूंचे सहा-सहा शाळाशिक्षक, तेल अवीवचे एयाल नावे आणि बेथलेहेमचे अदनान मुसल्लम या दोन इतिहासकारांसह, एका खोलीत बसत होते. पॅलेस्टिनी शिक्षकाला बैठकीस यायचे तर आधी परवाना मिळवायचा, मग चौक्यांवर ताटकळायचे. इस्रायली शिक्षक घरी परतला की शेजारी विचारणार, कोणाला भेटून आलास?

आरंभी आशा अशी होती की, चर्चा करता करता दोघांना मान्य होईल असा एक समाईक इतिहास उभा राहील. तसे होणे नाही, हे लवकरच ध्यानात आले. मग त्यांनी जो मार्ग काढला तो आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. पानाचे तीन उभे रकाने पाडले. एका बाजूला इस्रायली हकिकत, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी हकिकत, आणि मधला रकाना कोरा. तो विद्यार्थ्याने भरावयाचा. पहिल्या पुस्तिकेत तीन प्रसंग घेतले होते: १९१७ ची बाल्फोर घोषणा, १९४८ चे युद्ध आणि १९८७ चा पहिला इंतिफादा. पुढे आणखी प्रसंगांची भर पडत गेली आणि २०१२ साली सर्व मजकूर एकत्रित ग्रंथरूपाने इंग्रजीत निघाला. बार-ऑन यांना तो पाहता आला नाही; ते २००८ साली वारले.

१९४८ चेच पान घ्या. एका रकान्याचे शीर्षक ‘स्वातंत्र्ययुद्ध’, दुसऱ्याचे ‘नकबा’, म्हणजे महाआपत्ती. वर्ष एक, भूमी एक, गावेही तीच. एकीकडे छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांना अखेर स्वतःचे छप्पर मिळते. दुसरीकडे सुमारे सात लाख माणसे घरदार सोडून निर्वासित होतात, आणि त्यांतील कित्येक घरांच्या किल्ल्या नातवंडांपर्यंत जपल्या जातात. यातले कोणते वाक्य खोटे आहे? कोणतेच नाही. आणि तरीही एक वाक्य उच्चारणाऱ्याला दुसरे सोसवत नाही.

या पद्धतीमागे बार-ऑन यांचा आधीचा अनुभव होता. त्यांचे आईवडील जर्मनीतून निघून हैफाला स्थायिक झालेले. १९३८ चा त्यांचा जन्म तेथलाच. पुढे त्यांनी नाझी अधिकाऱ्यांच्या मुलामुलींना गाठून त्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. ‘मौनाचा वारसा’ अशा अर्थाच्या नावाने ते पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९२ साली त्यांनी त्यांतील काहींची, छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंच्या मुलांशी गाठ घालून दिली. त्यांना दिसले ते असे की, आईबाप न बोललेल्या गोष्टींभोवती एक भिंत उभारतात, आणि त्या मौनाची सवय झालेली मुले आपलीही एक भिंत उभारतात. एकाने खिडकी उघडावी तर समोर दुसऱ्याची भिंत. त्या खोलीत वादविवाद उपयोगी पडला नाही, आपापल्या घरची गोष्ट सांगणे उपयोगी पडले. गोष्ट सांगणाऱ्याला खोडून काढणे कठीण जाते. बैत जालाच्या शिक्षकांनीही सुरुवात तेथूनच केली: आधी घरची गोष्ट, मग इतिहास.

परंतु बोलणे आणि लिहिणे यांत अंतर आहे, आणि आमच्या मते या प्रयोगाचे मर्म लिहिण्यात आहे. बोलताना माणूस समोरच्याचा चेहरा पाहून शब्द मवाळ करतो, घरी गेल्यावर विसरतो. लिहिलेले राहते. शिवाय प्रत्येक गटाने आपली हकिकत लिहून दुसऱ्या गटापुढे वाचावयाची, त्यांच्या शंका ऐकावयाच्या, आणि परत जाऊन आपला मजकूर पुन्हा पाहावयाचा, अशी रीत होती. दुसऱ्याने तुमच्या रकान्यात लेखणी घालावयाची नाही. मात्र तो पहिला वाचक राहणार. आपला इतिहास आपण सारेच आजवर आपल्याच माणसांसाठी लिहीत आलो आहोत. कुलवृत्तांत वाचणारा कुळातलाच असतो, बखर ऐकणारा त्याच दरबारातला. त्यामुळे कित्येक गोष्टी न सांगताही चालून जातात. ज्याला आपल्यामुळे इजा झाली तोच आपले पान प्रथम वाचणार आहे, हे ठाऊक झाल्यावर लेखणी तीच राहत नाही. ती खोटे लिहीत नाही एवढ्यावर भागत नाही. काय वगळले, याचाही तिला जाब द्यावा लागतो.

आणखी एक बारकावा. बैठकींची भाषा इंग्रजी, म्हणजे दोघांनाही परकी. पण पुस्तिका हिब्रू आणि अरबी अशा दोन्ही भाषांत निघाली. म्हणजे इस्रायली मुलाने पॅलेस्टिनी हकिकत वाचावयाची ती आपल्या मातृभाषेत, ज्या भाषेत आई अंगाई म्हणते त्या भाषेत. शत्रूचे म्हणणे परक्या भाषेत ऐकले की ते परकेच राहते. शिक्षकांच्या अनुभवात काही मुले दुसरा रकाना वाचून चिडली, हा सगळा प्रचार आहे म्हणाली. ते स्वाभाविकच होते. आपल्या रकान्यातही प्रचार असू शकेल, ही शंका त्यानंतरची. आणि ती सर्वांना येतेच असे नाही.

आता आक्षेपाकडे वळू. दोन रकाने समोरासमोर मांडले, म्हणजे दोन्ही सारखेच खरे, असा अर्थ होत नाही काय? मग चोराची आणि सावाची हकिकत एका पानावर छापून निवाडा टाळणे ही नैतिक पळवाट नव्हे काय?

आपल्या जुन्या न्यायव्यवस्थेत याला एक उत्तर होते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की, निवाडा मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्षांकडून आधी लिहून घेत. दोघांच्या तक्रीरा आणि करीने नोंदले जात, साक्षी होत, आणि मग सर्वांच्या साक्षीने महजर होई. हरलेल्याने येजितखत लिहून द्यावयाचे, की आता माझा काही हक्क राहिला नाही. दोन्ही बाजू एका कागदावर येणे ही कल्पना म्हणूनच आपल्याला नवी नाही. फरक इतकाच की बैत जालाच्या पुस्तकात दोन्ही करीने आहेत, महजर नाही. तो का नाही? कारण महजर होण्यासाठी दोघांनाही मान्य असे गोत लागते, आणि त्या दोन समाजांच्या वर असे कोणतेही गोत आज नाही. ज्या सभेचा अधिकार एक पक्ष मानतच नाही, तिने दिलेला निवाडा ही दुसऱ्या पक्षाच्या हातातली आणखी एक काठी ठरते.

तरीही आक्षेपात तथ्य आहे, आणि ते झाकू नये. घटनेचा अर्थ दोन असू शकतात. घटना दोन असू शकत नाहीत. २९ नोव्हेंबर १९४७ ची संयुक्त राष्ट्रांची फाळणीची योजना ज्यू नेतृत्वाने स्वीकारली आणि अरब नेतृत्वाने नाकारली, हे दोन्ही रकान्यांना ठाऊक असले पाहिजे. लाखो अरब घरांबाहेर पडले ते केवळ आपखुशीने नव्हे, हे १९८० च्या दशकात इस्रायलच्याच इतिहाससंशोधकांनी दप्तरे उघडून दाखवले. तेही दोन्ही रकान्यांना ठाऊक असले पाहिजे. येथे सूत्रधाराची कसोटी लागते. आम्ही मध्यस्थ हा शब्द मुद्दाम टाळतो. मध्यस्थ देवघेव जमवतो, पंच निकाल देतो. सूत्रधाराने यांतले काहीच करावयाचे नाही. मात्र ‘हे तुमच्या रकान्याला माहीत आहे काय’ हे विचारण्याचे कर्तव्य त्याला सुटत नाही. अर्थाच्या बाबतीत त्याने तटस्थ राहावे, वस्तुस्थितीच्या बाबतीत राहू नये.

दुसरा आक्षेप याहून कडवा आहे, आणि तो बहुधा दुर्बळ पक्षाकडून येतो. एकाच्या हाती राज्य, सैन्य आणि चौक्या. दुसऱ्याच्या हाती परवान्याचा अर्ज. अशा दोघांना खुर्च्या सारख्या उंचीच्या दिल्या म्हणून ते समान होतात काय? अरब जगात अशा भेटीगाठींना ‘ततबीअ’ म्हणतात; अन्याय चालू असतानाच सारे सुरळीत असल्याचा देखावा करणे, असा त्याचा रोख. संवाद हे दुखण्यावरचे औषध न राहता केवळ गुंगीचे औषध बनते, ही ती भीती. ती खोटी म्हणता येत नाही.

जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्या दरम्यान नेवे शालोम अथवा वाहत अस-सलाम असे जोडनाव धारण करणारी वस्ती आहे. ब्रूनो हुसार या डॉमिनिकन धर्मगुरूंच्या प्रेरणेने १९७० च्या दशकात ती वसली. ज्यू आणि अरब कुटुंबे तेथे हेतुपुरस्सर शेजारी राहतात. १९७९ पासून तेथे शांततेची शाळा चालते आणि दोन्ही समाजांतील तरुणांच्या गटबैठका होतात. सूत्रधार दोन, एक ज्यू आणि एक अरब. हिब्रू व अरबी या दोन्ही भाषांना मुभा. प्रत्यक्षात काय होते? अरब मुलांना हिब्रू येते, बहुतेक ज्यू मुलांना अरबी येत नाही. बघता बघता सगळी बैठक हिब्रूत चालू लागते. तेथील सूत्रधार हे सौजन्याच्या पांघरुणाखाली लपवत नाहीत, तर तोच विषय गटापुढे ठेवतात: आपण सगळे हिब्रूत का बोलतो आहोत? बाहेरची सत्ता खोलीत कशी शिरली आहे, हे त्या एका प्रश्नाने उघडे पडते. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. थोड्यांनी पुष्कळांची भाषा शिकायची असते. उलट क्वचितच घडते.

फ्रान्स आणि जर्मनीचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. २००३ साली बर्लिनमध्ये जमलेल्या दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांनी समाईक इतिहासपुस्तकाची मागणी केली, २००६ मध्ये त्याचा पहिला भाग निघाला, २०११ पर्यंत तिन्ही पुरे झाले. मजकूर एकच, भाषा दोन. मतभेद उरले ते युद्धाविषयी फारसे नव्हेत, तर १९४५ नंतरच्या अमेरिकेच्या भूमिकेसारख्या विषयांवर. उत्तम झाले. पण तेथे युद्ध संपून साठ वर्षे झाली होती, सीमा ठरल्या होत्या. जखम भरल्यावर एकच हकिकत लिहिता येते. वाहत्या जखमेचा दाखला म्हणून हा प्रयोग पुढे करणे गैर आहे.

बैत जालाच्या पुस्तकाला दोन्हीकडील शिक्षणखात्यांनी मान्यता दिली नाही. २०१० साली स्देरोतजवळच्या शाआर हानेगेव्ह भागातील एका इस्रायली शाळेत ते शिकवले जात असल्याचे कळताच शिक्षणखात्याने ते थांबवले आणि मुख्याध्यापकांना बोलावून जाब विचारला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने जो हल्ला केला त्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली. पुष्कळ बळी पडलेले कफार अझा हे गाव त्याच शाआर हानेगेव्ह परगण्यातले. त्यानंतरच्या युद्धात गाझातील मृतांची संख्या तेथील आरोग्यखात्याच्या नोंदीनुसार साठ हजारांच्या वर गेली. कोणी म्हणेल, झाला ना प्रयोगाचा निकाल? मूठभर शिक्षकांच्या पुस्तकाने युद्ध थांबावे, ही अपेक्षा त्या शिक्षकांनीही कधी धरली नव्हती. ज्या पुस्तकाला वर्गात येऊच दिले नाही, त्याच्या माथी अपयश मारणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

हे सारे दूरदेशीचे झाले. पण कोरा रकाना आपल्याही इतिहासात आहे. मराठीत बारगीर म्हणजे सरकारी घोडा मिळालेला स्वार; शब्दात भय नाही. बंगालीत ‘बर्गी’ म्हणजे ज्याच्या नावाने अंगाईत मुलांना निजवतात तो काळ. १७४० च्या दशकातल्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची हकिकत आपल्या ग्रंथांत चौथाईची, आणि १७४४ साली अलिवर्दीखानाने भेटीस बोलावून भास्करपंत कोल्हटकरांचा विश्वासघाताने वध केला त्याची आहे. गंगाराम या बंगाली कवीने त्याच काळात लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराणा’त ती जाळलेल्या गावांची आणि परागंदा झालेल्या रयतेची आहे. दोन्ही हकिकती खऱ्या, आणि आपल्या घरांत एकच वाचली जाते. आपण जिला मुलूखगिरी म्हणत आलो, तिला ज्याचा मुलूख होता तो काय म्हणत असेल, हे माळव्यात, बुंदेलखंडात दोन-अडीचशे वर्षे राहूनही आपल्या कुलवृत्तांतांत शोधून सापडत नाही.

हा झाला थंडावलेला इतिहास. न थंडावलेला हवा असेल तर बेळगाव घ्या. १ नोव्हेंबर ही तारीख तेथे एका समाजाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या समाजाचा काळा दिन. गावाचे नावही, २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर बेळगावी, मराठी माणसाच्या तोंडी बेळगाव. १९६७ चा महाजन अहवाल एकाला शिरसावंद्य, दुसऱ्याला अमान्य. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालय कधी तरी महजर करील. ते झाले तरी रकाने उरतीलच.

आपल्या रकान्यात काय येईल ते आपणांस पाठ आहे: १९५६ ची राज्यपुनर्रचना, बहुसंख्य मराठी असताना कानडी मुलखाला जोडलेली गावे, हुतात्मे, १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन. ते सर्व खरे आहे आणि त्यातील एक अक्षर गाळण्याचे कारण नाही. पण तो रकाना कन्नड शिक्षक प्रथम वाचणार आहे असे धरून चालू. तो विचारील, डेप्युटी चन्नबसप्पांचे नाव तुमच्या रकान्यात कोठे आहे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धारवाड-बेळगाव भागातील शाळांतून कन्नड घरच्या मुलांनाही मराठीतून शिकावे लागे, आणि त्या मुलांसाठी कन्नड शाळा उभ्या राहाव्यात म्हणून हे गृहस्थ झटले. म्हणजे सक्ती हा शब्द त्या मातीत प्रथम उच्चारला गेला असेल तो आपल्या भाषेच्या संदर्भात. तो हेही विचारील की, १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास जी काँग्रेस भरली, तिच्याच वेळी कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषदही तेथे भरली होती, हे तुमच्या मुलांना सांगता काय? मुंबई, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर, कुर्ग अशा तुकड्यांत विभागलेल्या समाजाला बेळगाव हे सीमेवरचे गाव वाटत नव्हते. त्याच्या स्वप्नाचा उच्चार तेथे झाला होता.

हे प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला दिला, की आपल्यालाही त्याच्या रकान्याकडे बोट दाखवता येते: मराठी शाळांचे काय झाले, मराठीत कागद मागणाऱ्याला कचेरीत काय उत्तर मिळते, हे तुमच्या पानावर का नाही? मागण्या कोणीच सोडावयाच्या नाहीत, येजितखत कोणीच लिहावयाचे नाही. कन्नड रकाना मराठीत आणि मराठी रकाना कन्नडात उतरवावा लागेल, एवढेच. त्या कामाला बाहेरून माणसे आणण्याची गरज नाही. दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणारी घरे बेळगावच्या प्रत्येक गल्लीत आहेत, आणि त्यांतील पुष्कळांची आजी एका भाषेतली व आजोबा दुसऱ्या भाषेतले आहेत.